काळा पडदा आणि दोन टिकल्या

टायपिंगचा क्लास ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या कानात आत्ताच आवाज सुरू झाला असेल. खडखड, खडखड, टिंग, आणि मग कागदाची गाडी मागं ढकलल्याचा घर्रकन आवाज. तो आवाज आमच्या घरात तीस वर्षं होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या मूल गावात माझ्या घराचा पत्ता सांगावा लागत नसे. आवाजाच्या दिशेनं या, एवढंच म्हणायचं. माझं नाव शकुंतला खोब्रागडे, पण त्या नावानं पोस्टमनही मला ओळखत नाही. टायपिंगवाल्या बाई म्हटलं की बरोबर घर दाखवतात.

मग टायपरायटरच्या परीक्षा बंद झाल्या आणि घर गप्प झालं. अकरा यंत्रं कापडाखाली झाकून ठेवली. मी मात्र झाकून ठेवण्यासारखी बाई नाही, हे मला ओळखणारे सांगतील. त्यानंतर मी जे शिकले त्याबद्दल या अंकासाठी लिहायला सांगितलंय. लिहिते. मी बोलते तशीच लिहिणार, ते चालवून घ्या.

झालं असं की ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले डोंगरे भाऊ एक दिवस गाडीत पाच जुने कॉम्प्युटर टाकून घेऊन आले. त्यांची बायको माझी जुनी विद्यार्थिनी. म्हणाले, "बाई, भंगारात जाऊन राह्यले होते. यायच्यात जीव कमी हाय. रंगीत चित्रंवाली सिस्टीम यायले झेपत नाई. पण ही बिनचित्राची सिस्टीम भरून देली, ते यायच्यावर पळते."

त्यांनी सुरू केलं. काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात दोन शब्द आणि एक लुकलुकणारी रेघ. बस.

"पुढं काय जी?" मी विचारलं.

"पुढं तुमी हुकूम टाइप करा."

या क्षेत्रात नसलेल्यांसाठी सांगते. तुमच्या-माझ्या फोनवर चित्रं असतात, बोट लावलं की उघडतं. या सिस्टीममध्ये चित्र नाही, माउस नाही, बोट दाखवायला काहीच नाही. काय हवं ते अक्षरांत लिहायचं आणि एंटर दाबायचं. 'एलएस' लिहिलं की या खोलीत कोणकोणत्या फाइली आहेत ते दाखवतो. 'सीडी' लिहिलं की दुसऱ्या खोलीत जातो. 'सीपी' म्हणजे नक्कल कर. एवढे एवढे हुकूम, दोन-तीन अक्षरांचे. डोंगरे भाऊंनी मला एका दुपारी सहा हुकूम शिकवले, सातवा 'मॅन' सांगितला आणि मुलीकडं पुण्याला निघून गेले. 'मॅन' लिहून पुढं कोणत्याही हुकमाचं नाव लिहिलं की तो हुकूम कसा वापरायचा याची पानंच्या पानं येतात. सगळी इंग्रजीत. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले. रोज एक हुकूम. उजव्या पानावर हुकूम, डाव्या पानावर माझ्या मराठीत त्याचा अर्थ, अशी वही केली. ती वही आता तिसरी आहे.

त्या पाच कॉम्प्युटरांवर मी क्लास पुन्हा सुरू केला. पहिल्याच आठवड्यात माझ्या विद्यार्थिनी घाबरल्या त्या पासवर्डाला. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपका नाही, चांदणी नाही. एक पोरगी म्हणाली, "बाई, कीबोर्ड मेला." दुसरीनं बटणं उलटी करून झटकली.

मला हसू आलं. कारण टायपिंग शिकवायची आमची जुनी रीत तीच होती. महिनाभर झाला की मी पोरींच्या हातांवर एक फडकं घालत असे. खाली बोटं, वर फडकं. दिसत काही नाही. "बोटांवर भरोसा ठेवा, डोळ्यांवर नको," हे मी हजारदा म्हटलं असेल. आता कॉम्प्युटरच फडकं घालून बसला होता. मी म्हटलं, "पोरींनो, टाका. न पाहता टाका. येतंय ते."

आलं. एकदाही अडलं नाही.

दुसरी अडचण जरा मोठी होती आणि ती माझी स्वतःची होती. हा कॉम्प्युटर काम झालं की बोलतच नाही. नक्कल कर म्हटलं तर करतो आणि गप्प बसतो. 'झालं' नाही, 'हो' नाही. नुसती परत ती लुकलुकणारी रेघ. मी बोलकी बाई. मला वाटायचं यानं ऐकलंच नाही. मग मी तोच हुकूम परत देत असे. एकदा प्रिंटरला एक अर्ज छापायला सांगितला. काही झालं नाही. परत सांगितलं. असं सहा-सात वेळा. प्रिंटरची पिन निघालेली होती हे नंतर कळलं. पिन लावली आणि त्यानं सगळे ऐकलेले हुकूम एकामागून एक पाळायला सुरुवात केली. थांबवायचं कसं ते शिकायचं राहिलं होतं. तेवढे अर्ज अजून पाठकोरे कागद म्हणून वापरते.

हा गुंता सोडवला मडावी भाऊंनी. मडावी भाऊ म्हणजे माझे सगळ्यात वयस्कर विद्यार्थी, निवृत्त वनरक्षक. सायकलवर येत, टोपी काढून मांडीवर ठेवत आणि दोन बोटांनी टाइप करत. पहिल्या दिवशी पडदा बघून म्हणाले, "याच्यात गाणे लागत नाई का जी?" नाही म्हटलं तर म्हणाले, "बरं झालं."

पण फाइलींच्या खोल्यांतल्या खोल्या कुणालाच नीट कळत नव्हत्या तेव्हा त्यांना त्या पटकन कळल्या. जंगलखात्यात रेंज असते, रेंजमध्ये राउंड, राउंडमध्ये बीट, बीटमध्ये नंबर दिलेले कक्ष. त्यांचं आख्खं आयुष्य त्याच उतरंडीत गेलेलं. पोरी चुकल्या की ते खुर्ची सरकवून म्हणत, "अवो पोरी, तू सध्या कोन्त्या बीटात उभी हायेस, ते आधी पाह्य. मंग चाल." याहून चांगलं मी आजपर्यंत कुणाला शिकवता आलेलं पाहिलं नाही.

आणि प्रिंटरचा किस्सा ऐकून ते मला म्हणाले, "बाई, जंगलात मी एकटा फिरो. हाक मारली, कोनी बोललं नाई, तर मी खुश. मंजे सगळं ठीक हाय. आवाज आला तर समजाचं, कुठीतरी गडबड हाय."

मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. गप्प म्हणजे ठीक. त्या वाक्यावर मी पुढं दीड वर्ष चालले आणि त्याच वाक्यानं मला ठेचही लागली. ती ठेच सांगायलाच हा लेख.

आमच्या भागात सिकलसेल घरोघरी आहे. रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, अंग दुखून माणूस लोळतो, रक्त कमी होतं, मग बाहेरून द्यावं लागतं. गावोगाव रक्त तपासणारी एक छोटी संस्था आहे. तिथली कार्यकर्ती सुनंदा माझ्याकडं आली. शिबिरांत ज्यांचे रक्तगट तपासले आणि जे रक्त द्यायला तयार आहेत, त्यांची यादी करून हवी होती. गट, नाव, गाव, फोन. वेळ आली की पटकन सापडावी.

यादी म्हणजे आमच्या भाषेत स्टेटमेंट. टायपिंगच्या परीक्षेत स्टेटमेंटचा वेगळा प्रश्न असे आणि त्यात माझ्या मुलींचा हात कोणी धरत नसे. ओळी कशा सरळ, रकाने कसे एकाखाली एक! ती यादी मी स्वतः टाइप केली, कॉम्प्युटरवर ठेवली आणि एक छापून कपाटात ठेवली. सुनंदा म्हणाली, "बाई, हे तं फ्रेम करून लावा लागते." मी फुगले, खोटं कशाला सांगू.

शोधायला हुकूम होता 'ग्रेप'. ग्रेप लिहायचं, पुढं जे शोधायचं ते, पुढं फाइलीचं नाव. ज्या ज्या ओळीत ते सापडेल ती ओळ तो समोर टाकतो. ओ पॉझिटिव्ह म्हटलं की पडदा भरून नावं. सुनंदाचा फोन आला की मी अर्ध्या मिनिटात नावं सांगत असे. पाच-सहा वेळा तरी अशी वेळ आली. एकदा एका बाळंतिणीला बी निगेटिव्ह हवं होतं. हा गट फार थोड्यांचा असतो. ग्रेपनं एकच ओळ दिली. एकनाथ शेंडे. तो आला, रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले आणखी एक पिशवी लागेल. मी सुनंदाला ठामपणे सांगितलं, "आपल्याकडं एवढा एकच." मग त्या बाईला तशा अवस्थेत नागपूरला न्यावं लागलं. ती वाचली. पण तो प्रवास तिनं कसा काढला असेल ते मी नंतर बरेचदा मनात आणलं. का, ते पुढं येतं.

मार्चमधली गोष्ट. माझ्या भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, सिंदेवाहीच्या पलीकडं आत जंगलाकडच्या एका गावात. रविवार. जेवणं आटोपत आली होती. त्या गावात फोन चालतो फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तेही एखादी दांडी. दुपारी मी सहज पाळीवर गेले तर फोन पिशवीत थरथरायला लागला. सुनंदाचे नऊ मिस्ड कॉल. मी लावला. आवाज तुटत होता.

"बाई, रेश्मा... दवाखान्यात हाय. रक्त चारवर आलं... बी निगेटिव्ह. इथी आज पिशवी नाई. एकनाथभाऊचा फोन बंद दाखवून राह्यला."

"तो मिरची तोडायला तेलंगणात गेला असेल," मी म्हटलं. या दिवसांत आमच्याकडची निम्मी गावं तिकडं असतात.

"मंग दुसरं कोनी पाहा ना जी. डॉक्टर म्हनून राह्यले, संध्याकाळपर्यंत..." आणि फोन कटला.

ही रेश्मा एकोणीस वर्षांची, सिकलसेलची पेशंट. माझ्याकडं टायपिंग शिकलेली. फडक्याखालून चाळीसच्या गतीनं लिहिणारी, मला "मावशी" म्हणणारी.

क्लास बंद. छापील यादीचं कपाट बंद, आणि त्याची किल्ली माझ्या पिशवीत, साठ किलोमीटर लांब. पण यादीवाला कॉम्प्युटर मी कधी बंद करत नसे, तो चालू होता. डोंगरे भाऊंनी जाण्याआधी एक सोय करून दिली होती. माझ्या फोनवरून त्या यंत्राशी बोलता येतं, तोच काळा पडदा फोनवर उघडतो. कसं जोडलंय ते मी आजही नीट सांगू शकणार नाही, पण वापरता येतं. आणि ह्याच काळ्या पडद्याची खरी ताकद मला त्या पाळीवर कळली. चित्रांच्या सिस्टीमला मोठं नेटवर्क लागतं. नुसती अक्षरं एका दांडीवरूनही जातात, सावकाश का होईना.

काचेवर टाइप करणं मला जमत नाही, म्हणून पिशवीत एक खराखुरा कीबोर्ड असतो, फोनला वायरनं लावायचा. सगळे हसतात. मी पाळीवरच्या दगडावर फोन टेकवला, कीबोर्ड मांडीवर घेतला. साक्षगंधाचं लुगडं, डोक्यावर ऊन, पाळीवरून बकऱ्या चाललेल्या. माझ्या मोठ्या भाचीचा नवरा, आमचा जावई, मागं येऊन उभा राहिला. "मावशी, काय करून राह्यल्या?"

"गप्प राहा," मी म्हटलं. मी कुणाला गप्प राहा म्हणण्याची ही पहिलीच वेळ असावी.

पासवर्ड टाकला. आत घेतलं. ग्रेप टाइप करायला लागले तर पडद्यावर अक्षरच नाही. मी परत टाइप केलं. नाही. परत. एंटर दाबलं, दोनदा दाबलं. मिनिटभरानं सगळं एकदम आलं, तिन्ही वेळचं एकमेकांत घुसलेलं. यंत्र म्हणालं, असा हुकूम मला माहीत नाही.

प्रिंटरवाली चूक! इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवून मी तीच करत होते. अक्षरं जात होती, दिसायला वेळ लागत होता एवढंच. मी पदर ओढून हातांवर घातला. खरंच घातला. जावई बघतच राहिला. डोळे मिटले आणि एकदाच, सावकाश, पूर्ण हुकूम टाइप केला. एंटर. हात उचलून घेतले आणि थांबले.

किती वेळ थांबले कोण जाणे. मग एक ओळ आली. बी निगेटिव्ह, एकनाथ शेंडे, गाव, फोन.

खाली नुसती लुकलुकती रेघ.

मी त्या एका ओळीकडं पाहत राहिले. मागच्या वेळीही हीच ओळ आली होती. दुसरं कोणी नाही. गप्प म्हणजे ठीक. पण काही ठीक नव्हतं. मी मनातल्या मनात कपाटातला तो छापील कागद डोळ्यांसमोर आणला. मी टाइप केलेलं पान मला नंतरही दिसतं, ती माझी सवयच आहे. एकनाथची ओळ दिसली. तिच्या खाली...

तिच्या खाली दोन टिकल्या दिसल्या.

टायपिंगची रीत सांगते. स्टेटमेंटमध्ये वरच्या ओळीतलं खालच्या ओळीत जसंच्या तसं यायचं असेल तर परत लिहायचं नाही. दोन छोट्या टिकल्या ठोकायच्या. म्हणजे वरच्याप्रमाणे. पान स्वच्छ दिसतं, हात वाचतो, परीक्षक खूश. शिबिरात घरची माणसं एकामागे एक रांगेत उभी राहतात, भावाभावांचा गट पुष्कळदा एकच निघतो. अशा ठिकाणी मी गटाच्या रकान्यात टिकल्या ठोकल्या होत्या. माणूस वाचताना नजर आपोआप वर नेतो. यंत्र नेत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक ओळ एकटी असते. टिकल्या म्हणजे त्याला टिकल्याच.

ओ पॉझिटिव्हची नावं पडदा भरून यायची म्हणून त्यातली किती गळाली ते कधी कळलंच नाही. आणि मी फुगून बसले होते.

पण घाबरायला वेळ नव्हता आणि मला उपाय ठाऊक होता. वहीच्या डाव्या पानावर माझ्याच अक्षरात होता. ग्रेपपुढं आडवी रेघ, मोठा ए आणि एक आकडा टाकला तर सापडलेल्या ओळीखालच्या तेवढ्या ओळीही तो दाखवतो. शिकताना वाटलं होतं, याचा कुणाला काय उपयोग! पदराखालून टाइप केलं. आकडा तीन. एंटर. हात वर.

चार ओळी आल्या. एकनाथ शेंडे. त्याखाली टिकल्या, किसन शेंडे, फोन. त्याखालचे दोघे दुसऱ्या गटाचे.

मी सुनंदाला फोन लावला, लागला नाही. मेसेजमध्ये नाव आणि नंबर टाकला. एकदाच टाकला. मग दगडावर बसून राहिले. जावयानं पाणी आणून दिलं. बऱ्याच वेळानं सुनंदाचा फोन आला.

"बाई, भेटला! तलावात जाळं टाकून राह्यला होता. म्हने, वल्ल्या कपड्यानं चालन का? म्या म्हनलं, बिना कपड्यानं ये, पन ये!"

मी पाळीवर बसून रडले आणि हसले. संध्याकाळच्या आत रेश्माला रक्त चढलं. दोन दिवसांनी मी भेटायला गेले तर पलंगावर उठून बसली होती. म्हणाली, "मावशी, तुमी पदर घेऊन टाइप केलं म्हने?" जावयानं आख्ख्या तालुक्याला सांगून झालं होतं.

त्या आठवड्यात मी यादी पुन्हा टाइप केली. एकही टिकली ठेवली नाही. प्रत्येकाच्या ओळीत त्याचं सगळं. यादी आता कुरूप दिसते, तेच ते शब्द खालपर्यंत. परीक्षकानं मार्क कापले असते. वहीत जिथं 'गप्प म्हणजे ठीक' लिहिलं होतं, त्याखाली एक ओळ जोडली. एकदा खालची ओळही पाहावी. मडावी भाऊंना ती वाचून दाखवली. ते टोपी फिरवत म्हणाले, "हे बी खरंच हाय. वाघ बी आवाज करत नाई."

एक दिवस किसनभाऊ क्लासवर आले. मासोळीची पिशवी दाराबाहेर ठेवली, आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसले. पन्नाशीचा, काळासावळा, हळू बोलणारा माणूस. म्हणाले, "बाई, मायं नाव त्या मशीनीत कसं हाय, ते पाहाचं होतं."

मी त्यांना आधी जुना कागद दाखवला. लपवण्यात काय अर्थ? एकनाथची ओळ, खाली टिकल्या. त्यांनी बोट ठेवलं. "हे मी?"

"हो भाऊ. हे तुम्ही. चूक माझी."

मग मी त्या बाळंतिणीची गोष्ट सांगितली. मागच्या वेळी दुसरी पिशवी हवी होती आणि मी एकच माणूस आहे म्हणून सांगितलं होतं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "त्या दिवशी भावाले गाडीवर मीच घेऊन आलो होतो ना जी. दवाखान्याच्या बाहेर निंबाखाली उभा होतो. दोन घंटे."

मी तो जुना कागद उलटा करून ठेवला.

"मले वाटलं," ते म्हणाले, "मायं रक्त चालत नसन. म्हनून कोनी विचारलं नसन."

मी खुर्ची पुढं ओढली आणि त्यांच्यासमोर टाइप केलं. ग्रेप, बी निगेटिव्ह, फाइलीचं नाव. एंटर. या वेळी दोन ओळी आल्या, एकाखाली एक. त्यांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण यादी मराठीतच होती. त्यांनी स्वतःची ओळ हळूहळू, अक्षर लावत वाचली. गट, नाव, गाव, फोन. दोनदा वाचली.

"आता पुरा लिवला मले?"

"पुरा लिहिला, भाऊ."

त्यांनी मान हलवली, दारातली पिशवी उचलून माझ्या ओट्यावर ठेवली आणि चपला घालून निघाले.